दोन किल्ल्या, दोन रिक्षा

पमे, आधी मला एवढंच सांग, तुला हसू येत होतं का?

त्या दिवशी जुन्या बँकेच्या पायऱ्यांवर उभी राहून मी तुझ्यावर तोंड सोडलं, तेव्हाचं विचारते आहे. "आल्या का महाराणी! वाटेत कुणाचं लग्न लावून आलीस की काय?" भर हजरतगंजात, सकाळच्या वर्दळीत. माणसं वळून बघायला लागली. तू सायकलरिक्षात बसलेली. पर्स मांडीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून, मान थोडी एका बाजूला कललेली. मला वाटलं, सोंग घेऊन बसली आहे. तुझी सोंगं मी काय आज ओळखते? म्हणून आणखी चार शब्द सुनावले. तू बोलेचनास. मग रिक्षावाला खाली उतरला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी उतर नहीं रहीं."

अजून ते वाक्य कानातून निघत नाही. कणीक मळताना ऐकू येतं, ऑफिसात कुणी माझ्याशी बोलत असताना ऐकू येतं. बहनजी उतर नहीं रहीं. मी तुझा हात धरला तेव्हा तो गरम होता गं! उन्हानं गरम होता की तू होतीस म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता डॉक्टरांनी सांगूनही पटत नाही. हार्ट, म्हणाले. एका क्षणात गेल्या, त्रास झाला नसेल. त्यांना काय जातंय म्हणायला!

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कधी, शिक्षण काय, पश्चात कोण कोण. ते दुसरं कुणी लिहील, मला नाही जमायचं. मी तुझ्याशीच बोलणार, कुणाला वाचायचं तर वाचू दे. तू सांगलीची, मी नागपूरची, दोघी लग्न करून या लखनौत येऊन पडलो आणि एका बँकेत चिकटलो. मी "काय करून राहिलीस" म्हटलं की तू हसायचीस, तू "अगं बया बया" केलंस की मी तुला सांगलीची हळद म्हणायचे. एवढी प्रस्तावना पुरे.

मी बदलून त्या शाखेत आले तेव्हा एका चपराश्यानं मला सांगितलं होतं, "एक मराठिन और हैं, खिड़की में बैठती हैं." मला वाटलं, काय वेडीबिडी आहे की काय! मग त्यानं मला बाजूच्या गल्लीकडची ती लहान खोली दाखवली. जनाना खिडकी. इमारत इंग्रजांच्या वेळची, तेव्हाच्या बँकेत तालुकदारांच्या बेगमा पुढच्या दारानं कशा येणार? म्हणून गल्लीत पालख्या थांबायच्या, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागून हात बाहेर यायचा, हातात दागिन्यांची पेटी असायची. आतल्या कारकुनाला हातापलीकडे काही दिसायचं नाही. पुढे बेगमा गेल्या, पालख्या गेल्या, खोलीत जुनं सामान भरलं. आणि मग तू नोकरीला लागलीस. त्या शाखेतली पहिली बाई. तुला कुठे बसवावं हे मॅनेजर साहेबांना सुचेना, म्हणून सामान काढून तुला तिथे बसवलं. दुसरी असती तर रडली असती. तू मला म्हणालीस, "बरं झालं बाई, पंखा माझ्या एकटीचा."

आणि तू त्या खिडकीचं काय केलंस! चौक मोहल्ल्यातून चिकनचं भरतकाम करणाऱ्या बायका यायला लागल्या. आधी एक, मग तिची जाऊ, मग सगळी गल्ली. पुढच्या हॉलमध्ये पाऊल टाकायला त्या घाबरायच्या, तुझ्या खिडकीशी मात्र बुरखा वर करून बोलायच्या. दिवसभर मान खाली घालून टाके घातलेल्या त्या बायका उभ्या राहतात हे तुला बघवेना, म्हणून तू घरून एक स्टूल आणून गल्लीत ठेवलंस. बँकेनं दिलं नाही, तू आणलंस. मी म्हटलं, चोरीला जाईल. नाही गेलं. पुढे तू हेड कॅशियर होऊन हॉलमध्ये गेलीस तरी ते स्टूल तिथेच होतं.

हेड कॅशियर झालीस आणि आपलं खरं नातं सुरू झालं. तळघरातल्या स्ट्राँगरूमच्या त्या अजस्र लोखंडी दाराला दोन कुलुपं. एक किल्ली हेड कॅशियरकडे, म्हणजे तुझ्याकडे. दुसरी अकाउंटंटकडे, म्हणजे माझ्याकडे. दोघी समोर हजर असल्याशिवाय ते दार उघडणार नाही, एकीनं डोकं आपटून घेतलं तरी नाही. सगळ्याच बँकांत हे असतं. पण आपले तेव्हाचे मॅनेजर साहेब जुन्या लखनवी वळणाचे, त्यांनी वर आणखी एक घातलं. पहिल्याच दिवशी आपण दोघी संध्याकाळी एका रिक्षात बसायला निघालो तर ते पायऱ्या उतरून खाली आले. उजवा हात किंचित उचलून इतक्या अदबीनं म्हणाले, की रागावताही येईना. "मोहतरमा, दोनों चाबियाँ एक रिक्शे में नहीं बैठेंगी."

झालं! त्या दिवसापासून तू एका रिक्षात, मी दुसऱ्या. महानगर मोहल्ल्यात एकाच गल्लीत समोरासमोर घरं आपली, पण सकाळी तू हनुमान सेतूवरून जायचीस आणि मी निशातगंजच्या पुलावरून. ते साहेब रिटायर झाले, त्यांच्यानंतरचेही झाले, कुणाला आता तो नियम आठवतही नसेल. तुला आठवत होता. मधली काही वर्षं मी चौकातल्या शाखेत होते, तेवढ्यात तरी आपण एकत्र फिरायला हवं होतं, तर तेव्हा आपल्या वेळा जुळेनात. परत आले, किल्ली परत माझ्याकडे आली आणि पुन्हा तेच. तू तर किल्ली पर्समध्येही ठेवायची नाहीस. आईचा चांदीचा छल्ला कमरेला खोचलेला आणि त्यात घरच्या किल्ल्यांशेजारी स्ट्राँगरूमची ती लांबलचक किल्ली. चालताना वाजायची. तू कुठल्या जिन्यावर आहेस ते मला न बघता कळायचं.

आठवतं, मंडळात काय गाजलं होतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण एकाच गल्लीतून दोन रिक्षांनी यायचो आणि दोन रिक्षांनी जायचो. बायकांनी ठरवून टाकलं, या दोघींचा अबोला आहे! आणि एक काकू समेट घडवायला तिळगूळ घेऊन तुझ्या घरी. तू पण अशी भैताड, त्यांना खरं सांगायचं सोडून डोळ्यांना पदर लावलास आणि म्हणालीस, "तिनं माझी बरणी परत केली नाही हो." दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात, "विजयाताई, बरणी देऊन टाका." मी बावळटासारखी बरण्या शोधते आहे! स्ट्राँगरूमच्या दारात तुला जाब विचारला तर तू हसता हसता भिंतीला टेकलीस आणि खाली बसलीस. किल्ली फिरवायलाही तुझ्या हातात जोर उरला नव्हता. वरून हॉलमधून कॅश कधी येते म्हणून हाका चालल्या होत्या.

खरं सांगू का, त्या दाराशीच आपलं सगळं बोलणं झालं. घरी सासवा, नवरे, पोरं. हॉलमध्ये गिऱ्हाईक. पण सकाळी दार उघडताना आणि संध्याकाळी लावताना तिथे तू आणि मीच. आधी तुझी किल्ली अर्धी, मग माझी पूर्ण, मग तुझी उरलेली अर्धी. तेवढ्यात काय काय सांगून झालं असेल! माझं पहिलं मूल राहिलं नाही हे मी आईला कळवायच्या आधी तुला त्या दारात सांगितलं. तू किल्ली तशीच कुलपात ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस. वरून कुणीतरी ओरडलं तर तू खालून अशी ओरडलीस, "आ रहे हैं भई, दरवाज़ा जाम है!" दार काही जाम नव्हतं.

आणि तिथला दुसरा नियम. एकीनं दुसरीला आत एकटं सोडून यायचं नाही. आत गेलो तर दोघी, बाहेर आलो तर दोघी. हा नियम मी पाळला, पमे. एकदाही तुला आत ठेवून मी वर आले नाही. आणि तू? त्या रिक्षात एकटीच? मला राग येतो तुझा. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर रागावू नये, पण मी काय करू, येतो! पहिला नियम तेवढा जीव लावून पाळलास आणि दुसरा मोडून मोकळी झालीस.

किल्ल्यांपायी आपण कुठे म्हणून बरोबर गेलो नाही. दोघींना एकदम रजाच नाही. तुझ्या नीलूचं लग्न सांगलीला झालं, मी इथे. माझी आई नागपुरात गेली, तू इथे. तू तेव्हा माझ्या घरी पोरांना जेवू घालत होतीस हे मला नंतर कळलं. "एकदा या किल्ल्या सुटल्या ना विजू," असं तू सारखी म्हणायचीस, "की एका गाडीत, शेजारी शेजारी. आधी तुझं नागपूर, मग माझी सांगली. खिडकी मात्र माझी." मी म्हणायचे, आयुष्यभर खिडकीत बसलीस, आता मला दे. यावरही भांडण व्हायचं आपलं.

मग कॉम्प्युटर आले, नवी इमारत झाली, शाखा तिकडे गेली. जुनी इमारत काही काळ बंद पडून होती. पाडतात की काय म्हणून तू जेवत नव्हतीस. मग वरून ठरलं, बँकेचं म्युझियम करायचं. तू घरी पेढे वाटलेस, नात झाल्यासारखे! स्ट्राँगरूम रिकामी झाली होती, पण कागदोपत्री किल्ल्या आपल्याच नावावर. म्युझियम सुरू होण्याआधी साहेब लोकांसमोर आपण दोघींनी ते दार उघडायचं आणि किल्ल्या सुपूर्द करायच्या, असा बेत.

दिल्लीहून तो क्यूरेटर आला, दाढीवाला, गोड बोलणारा. "मैम, यह खिड़की तो कमाल है." त्यानं पाटी लिहून आणली, बेगमांची खिडकी. तू वाचलीस आणि कमरेवर हात. "और हमारी चौक वाली औरतें? बेगमें तो कब की गईं, बीस बरस तो ये आईं." त्यानं वाद घातला नाही, पाटी बदलली, स्टूलही जागेवर ठेवलं. तिथे तू जिंकलीस. खरी लढाई किल्ल्यांवरून झाली. त्याला एक काचेची पेटी करायची होती, आत लाल मखमल आणि त्यावर आपल्या दोन किल्ल्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या. कागदावर चित्र काढून दाखवलं त्यानं.

तू म्हणालीस, "किल्ल्या आहेत की तलवारी?" मग त्याला हिंदीत ठणकावलंस, "दोनों चाबियाँ एक डिब्बे में? आप बैंक दिखा रहे हैं या ताला तोड़ने का तरीक़ा?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, पमे, मी त्याच्या बाजूनं बोलले. मला ती पेटी आवडली होती. मला वाटलं, जन्मभर एका रिक्षात बसल्या नाहीत, म्हातारपणी तरी शेजारी शेजारी पडू देत बिचाऱ्या. तू माझ्याकडे असं बघितलंस! मग दोन दिवस आपण त्यावरच भांडलो. गच्चीवर कपडे वाळत घालताना तू पलीकडून ओरडायचीस, मी इकडून. तुझे मिस्टर खालून म्हणाले, "अहो विजयाताई, किल्ल्या आता रिटायर झाल्या, त्यांना काही नियम नाही." तू त्यांनाही गप्प केलंस. म्हणालीस, "लोकांनी घरातलं सोनं कशावर विश्वास ठेवून आणून दिलं? लोखंडाच्या दारावर? दोन बायका वेगवेगळ्या रस्त्यानं घरी जातात, यावर!"

मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. वाद तिथेच अर्धा राहिला.

आणि ती सकाळ. तू फाटकाशी उभी, ती मोरपंखी साडी, कमरेला छल्ला. मी म्हटलं, "पमे, आज तरी माझ्या रिक्षात बस. आत आहे काय त्या खोलीत? धूळ!" तू खळखळून हसलीस. म्हणालीस, "किल्ली अजून माझ्या कमरेला आहे ना? मग नियम आहे. परत येताना बसू की एका रिक्षात. परत येताना मांडीवर बस माझ्या, शब्द." मी म्हटलं, "मर मेली." असंच म्हणायचो ना आपण एकमेकींना? हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी का म्हटलं मी ते! तू हात हलवलास आणि हनुमान सेतूकडे वळलीस, मी निशातगंजकडे.

तो रिक्षावाला नंतर हॉस्पिटलच्या बाहेर बसून होता. कुणी बसवलं नव्हतं, आपणच बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, शेवटचं काय बोलल्या? तो म्हणाला, "सेतु वाले मंदिर पर हाथ जोड़े थे. फिर कुछ नहीं बोलीं. हमने पीछे देखा तो लगा बहनजी को झपकी आ गई है. तो हम गड्ढे बचा-बचा के लाए, कि नींद न टूटे." हे सांगताना तो रडायला लागला आणि मग मीच त्याला पाणी दिलं. पमे, तुला खड्डे लागू नयेत म्हणून एक अनोळखी माणूस तुला जपून जपून आणत होता आणि मी पायऱ्यांवर उभी राहून घड्याळ बघत तुझा उद्धार करत होते. त्या माणसाचं नाव मी विचारायला विसरले. देव त्याचं भलं करो. तुला शेवटची सोबत त्यानं केली, ती माझ्या नशिबी नव्हती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. तुझ्या घरी माणसं येत होती, जात होती. नीलू आली, माझ्या गळ्यात पडून "मौसी, मम्मी ऐसे कैसे जा सकती हैं" म्हणत राहिली. मीही तेच विचारत होते, तिला काय सांगणार? चौकातून बायका आल्या. आपल्या गल्लीतल्या लोकांना कळेना या कोण. त्यातल्या ज़ुबैदा बी, तुझ्या खिडकीच्या सगळ्यात जुन्या, त्या दाराशीच बसल्या. म्हणाल्या, "बहनजी कहती थीं, आँखें थक जाएँ तो आ के बैठ जाया करो, काम हो न हो. अब हम कहाँ बैठें?" मी त्यांचा हात धरून बसले. त्या बोटांना सुईचे घट्टे होते.

तेरावं झालं आणि तुझे मिस्टर माझ्याकडे आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. "विजयाताई, हा छल्ला हॉस्पिटलमध्ये काढून दिला होता. घरच्या किल्ल्या मी काढून घेतल्या. ही बँकेची ना?" रुमाल टेबलावर ठेवला. माझी किल्ली तिथेच पर्समध्ये होती. म्हणजे पमे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही किल्ल्या एका टेबलावर! मी घाबरले. खरंच घाबरले. आता कुणी विचारलं तर काय सांगू? मी भाऊजींना म्हटलं, "नको, नको, ही तुमच्याकडेच ठेवा." मग सगळं समजल्यासारखी मान हलवून त्यांनी रुमाल पुन्हा उचलला आणि खिशात ठेवला.

आणि तेव्हा मला उत्तर मिळालं, तुझ्या त्या अर्ध्या राहिलेल्या वादाचं. हे असं असतं होय, दोन्ही एकीच्या हातात आल्या की? माझ्यावर माझाच विश्वास बसेना. तू बरोबर होतीस. घे, म्हणते मी, लेखी देते, तू बरोबर होतीस. समोरच्या गच्चीवर असतीस तर महिनाभर डोक्यावर नाचली असतीस.

आज आम्ही किल्ल्या देऊन आलो. नियमानं गेलो. भाऊजी तुझी किल्ली घेऊन हनुमान सेतूवरून, मी माझी घेऊन निशातगंजच्या पुलावरून. बँकेच्या पायऱ्यांवर मी आधी पोचले आणि तिथे उभं राहून वाट बघायला लागले, तेव्हा मला जे झालं ते मी लिहू शकत नाही. रिक्षा आली. भाऊजी उतरले. उतरले, एवढं बघून मी भर रस्त्यात हुंदके दिले.

खाली दार उघडलं. भाऊजींना फिरवायचं कसं ते कळेना, मी सांगत गेले, आधी तुमची अर्धी, आता थांबा, आता माझी, आता तुमची उरलेली. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत काही नव्हतं, धूळच. तो क्यूरेटर माझ्याकडे आला, नजर खाली करून म्हणाला, "मैम, केस जैसा आप कहें." मी म्हटलं, दोन पेट्या. एक हॉलच्या या टोकाला, एक त्या टोकाला. तो म्हणाला, लोकांना कळणार नाही. मी म्हटलं, "तो लिख दीजिए. दोनों चाबियाँ कभी एक जगह नहीं रखी गईं." त्यानं लिहून घेतलं. तुझी किल्ली खिडकीकडच्या टोकाला आहे. छल्ला दिला नाही, तो नीलूचा.

भाऊजी जनाना खिडकीबाहेर तुझ्या स्टुलावर जाऊन बसले. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी बसतो जरा." मी त्यांना बसू दिलं आणि बाहेर रस्त्यावर आले. पर्स हलकी लागत होती. सवयीनं निशातगंजचं नाव तोंडात आलं होतं, ते गिळलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, महानगर, हनुमान सेतूवरून. बसले. थोडं पुढे गेल्यावर तो मागे वळून म्हणाला, "बहनजी, बीच में बैठ जाइए, रिक्शा एक तरफ़ झुक रहा है."

परत येताना एका रिक्षात, असा तुझा शब्द होता ना? मी जागची हलले नाही. उजवीकडची जागा मोकळी ठेवली, एकटी जातानाही तुला तीच बाजू आवडते.

म्हटलं, "नहीं भैया, दो सवारी हैं. चलिए."